विस्तवाचा श्वास

"बाबा, तीन इंची दोन नळ्या टाकल्या की झाले सहा इंच!" जावई म्हणाले. मी कागद-पेन्सिल मागवली.

मिनेसोटात लेकीच्या घरी फायरप्लेसमध्ये लाकडे पेटवली की धूर दिवाणखान्यात येई. थंडीपायी घर इतके घट्ट बंद, की हवेला शिरायला फट नाही. त्यात स्वयंपाकघरातला पंखा लावला, की तो धुराड्यातूनच हवा खाली ओढी. धूर निदान दिसतो. सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आणि नातू शेजारच्याच खोलीत निजायचा!

आमच्या कोकणातल्या चुलीला कौलांच्या फटी पुरत. इथे बाहेरची हवा आणायला नळी हवी होती. फायरप्लेसच्या माहितीपुस्तिकेत ती ६ इंची सांगितली होती. पण हवा जाते ती नळीच्या क्षेत्रफळातून. ६ इंची नळीचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, ३ इंचीचे जेमतेम ७. म्हणजे दोन नव्हे, चार नळ्या! शिवाय बारीक नळीत हवेला अडथळाही जास्त.

अखेर ६ इंची एकच नळी बसली, मोनॉक्साइडची धोक्याची घंटाही लागली. त्या रात्री पंखा बंद ठेवून जाळ केला. धूर निमूटपणे वर गेला. मला मात्र फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली आई आठवली. विस्तवालाही श्वास लागतो, हे तिला गणिताशिवाय ठाऊक होते.