शेवटचे ताट आणि साखरेचा आजार

(द्वितीय वर्ष, कला)

मधुमेह हा शब्द आमच्या गावात फारसा कोणी वापरीत नाही. 'अमक्याला साखर झाली' असे म्हणतात. या म्हणण्यातच एक समजूत दडलेली आहे, ती अशी की, साखर खाल्ली म्हणून साखर झाली. गेल्या वर्षापर्यंत माझीही हीच समजूत होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीतला कोणताही कागद, मग तो बँकेचा असो की दवाखान्याचा, माझ्यापुढे येतो. गेल्या दिवाळीनंतर असाच एक कागद आला. तो आईच्या रक्ततपासणीचा होता. उपाशीपोटी साखर १६८. पुन्हा केलेल्या तपासणीतही आकडा तेवढाच निघाला. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर दोनदा आढळली की मधुमेह धरतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले.

आई मात्र ऐकेना. म्हणाली, "आरं, मला कशी साखर हुईल? गोडाचं मला वावडं. अंगावर तर मांस न्हाई." तिचे म्हणणे खरे होते. लग्नकार्यातली जिलबीसुद्धा ती आमच्याच पानात वाढते. तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी वाचन केले, डॉक्टरांना विचारले. मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी नाही. तेव्हा जे मला समजले ते, आणि जसे समजले तसे, वाचकांपुढे ठेवतो.

आपण भात, भाकरी, चपाती, बटाटा, साबुदाणा असे जे पिष्टमय पदार्थ खातो, त्यांची पोटात गेल्यावर साखरच होते. ती रक्तात उतरते. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून इन्सुलिन हा रस रक्तात मिसळतो आणि त्याच्या साहाय्याने साखर स्नायूंत व यकृतात जाते. १९२१ साली कॅनडातील टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. त्या मुलाला होता तो मधुमेहाचा पहिला प्रकार. त्यात इन्सुलिन तयार होणेच जवळजवळ थांबते आणि त्याचा दोष खाण्यापिण्याकडे जात नाही. आपल्याकडे सर्रास दिसणारा, आईला झालेला, तो दुसरा प्रकार. यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देईनासे होते. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडते आणि वर्षानुवर्षे असे राबून शेवटी थकते. हा आजार एका दिवसात होत नाही, आणि कोणत्याही एका पदार्थाने होत नाही.

या आजाराचा पसारा किती आहे हे पाहून मी थक्क झालो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा, शहरातला, बैठ्या लोकांचा रोग, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

आता आईच्या बारीकपणाचा प्रश्न. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच प्रश्नाचा ध्यास घेतला. त्यांचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखेच. शरीरभारांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. साखर साठवायची प्रमुख कोठारे म्हणजे स्नायू. तीच लहान असतील तर साखर जाणार कोठे? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हडकुळी, तरीही अंगातली चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. तात्पर्य, 'अंगावर मांस न्हाई' हे आईचे शब्दच तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते.

उरलेले अर्धे उत्तर ताटात होते.

मधुमेह आणि आहार यांचा विचार करताना आपण एकेका पदार्थाला पकडतो. साखर वाईट, कारले चांगले, भात वाईट, नाचणी चांगली. पण माणूस एक पदार्थ खात नाही, ताट जेवतो. एक पदार्थ ताटातून उठला की त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. म्हणून संशोधकांनी अख्ख्या आहाराला गुण देण्याची पद्धत काढली. परीक्षेत जसे सर्व विषयांचे गुण मिळून टक्केवारी ठरते तसेच हे. भाज्या, फळे, कडधान्ये, शेंगदाण्यासारखे दाणे, न सडलेली धान्ये यांना गुण मिळतात. गोड पेये, वनस्पती तुपातील घातक चरबी, जादा मीठ यांनी ते कमी होतात. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात याच रीतीने आहार तपासला गेला, आणि एकूण गुण ज्यांचे जास्त, त्यांच्यात हा मधुमेह कमी आढळला. एका विषयात पहिला येऊन बाकीच्यांत नापास होणाऱ्याला जसे वर्ष मिळत नाही, तसेच रोज कारल्याचा रस पिऊन बाकीचे ताट जसेच्या तसे ठेवणाऱ्याचे आहे.

हे वाचल्यावर मी एक उद्योग केला. एक वही घेतली आणि सात दिवस आमच्या घरात कोण काय खाते ते लिहून काढले. आण्णा (वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो) हसले; आई म्हणाली, "हेच शिकवत्यात व्हय कालिजात?" पण आठव्या दिवशी ती वही वाचताना मला हसू आले नाही.

चूल एकच, भांडी तीच. पण ताटे मात्र वेगवेगळी होती. आण्णांच्या आणि माझ्या ताटात भात, वर घट्ट आमटी, भाजी, कधी अंडे. दूध मला, कारण मी 'अभ्यास करतो'. आई सर्वांच्या मागून जेवते. तोवर आमटीच्या पातेल्यात वरचे पाणी उरलेले, भाजीचे भांडे पुसलेले. तिच्या ताटात भाताचा ढीग, त्यावर ते पाणी आणि चटणी. सकाळी चहाबरोबर टोस्ट किंवा रात्रीची चपाती. आठवड्यातून दोन उपवास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. सात दिवसांत तिने डाळ म्हणावी अशी डाळ दोनदा खाल्ली होती. पोट तिचे भरत होते, पण ते केवळ भाताने. घट्ट डाळ वर्षानुवर्षे माझ्या ताटात पडत होती आणि मी ती मुकाट्याने खात होतो. मागे कोण राहिले, काय राहिले, हे एकदाही विचारले नव्हते.

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद, हिने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी त्यात असे ताट सांगितले आहे: धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी व कडधान्ये (किंवा अंडी, मांस, मासे) ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर. धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त उष्मांक येऊ नयेत, असेही म्हटले आहे. माझी वही यापुढे ठेवली तर आण्णा व मी जेमतेम काठावर उत्तीर्ण, आणि आई नापास. अर्थात त्यात दोष तिचा नव्हता.

भात सोडून भाकरी खाल्ली की झाले, असे अनेकजण सांगतात. पण परिषदेच्याच पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. आपण भारतीय सरासरी ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून घेतो असे त्यात दिसले. पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसता गहू किंवा भरड धान्य आणून धोका कमी होत नाही, पिष्टाचे एकूण प्रमाण घटले पाहिजे. आणि त्यातले ५ टक्के उष्मांक जरी डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांतील प्रथिनांनी भरून काढले, तरी धोका कमी दिसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. प्रथिने आणि चोथा यांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, पोटही लवकर भरते.

आम्हीही प्रथम चूकच केली. आईच्या चहातली साखर बंद केली आणि तालुक्याहून 'बिनसाखरेची' बिस्किटे आणली. ती मैद्याचीच होती! एक पदार्थ उठला, दुसरा त्याच जातीचा येऊन बसला.

आहार सुधारून आणि रोज चालून हा आजार लांबवता येतो, याला चांगला आधार आहे. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. आहार-व्यायामाने धोका ५८ टक्क्यांनी घटला, औषधाने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या संशोधकांनी आपल्याकडे केलेल्या अशाच प्रयोगात, २००६ साली, ही घट २८.५ टक्के आढळली. प्रमाण कमी असले तरी उपाय फुकटचा आहे. मात्र आजार जडल्यावर आहार हा औषधाचा सोबती आहे. गोळ्या मनाने बंद करणे धोक्याचे.

आता आमच्या घरात काय बदलले ते सांगून थांबतो. परसात तांदुळजा आणि शेपू लावला. हुलगे पूर्वी बैलांना जास्त आणि माणसांना कमी मिळत. त्यांचे पिठले आता आठवड्यातून तीनदा होते. उपवासाला साबुदाण्याऐवजी शेंगदाणे, ताक आणि एखादे फळ. संध्याकाळी आई आणि शेजारच्या काकू देवळापर्यंत चालून येतात. आणि सर्वांत अवघड बदल म्हणजे, आई आमच्याबरोबर जेवायला बसते. पहिल्या दिवशी ती तीनदा उठली. शेवटी आण्णांनीच पातेले ओढले आणि तळची घट्ट आमटी तिच्या ताटात वाढली. कोणी काही बोलले नाही. तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर १३१ आली. गोळ्या चालू आहेत, त्यामुळे श्रेय कोणाचे किती हे मी सांगणार नाही.

आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असला की मुलालाही धोका अधिक असतो. तेव्हा कॅन्टीनमध्ये वडापाव आणि दोन कप गोड चहा यांवर दुपार काढणारा मी काही सुटलेलो नाही. आता डबा आणतो. त्यात मोड आलेली मटकी असते म्हणून मित्र चेष्टा करतात, करोत बापडे. माझी त्यांना आणि सर्व वाचकांना एवढीच विनंती आहे की, आज घरी गेल्यावर आपल्या घरात शेवटी कोण जेवते ते पाहावे आणि त्या ताटात काय उरते तेही पाहावे.