वीज कामगारांची संघटना नेमके काय करते?

परवा आमच्या गल्लीतील डीपीवर काम करणाऱ्या वायरमनच्या खिशावरचा संघटनेचा बिल्ला पाहून शेजाऱ्यांनी ‘ही मंडळी संपाखेरीज करतात तरी काय?’ असा सवाल केला. म्हणून हा प्रपंच.

संप हा अखेरचा उपाय. जानेवारी 2023 मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप परिमंडळात मागितलेल्या समांतर वितरण परवान्याविरुद्ध महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या तिन्ही कंपन्यांतील संघटनांनी 72 तासांचा संप पुकारला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी वाटाघाटी होताच पहिल्याच दिवशी तो मागे घेतला.

खरे काम मात्र दृष्टीआडचे. फीडर बंद असल्याचे परमिट हाती आल्यावाचून व तारांना अर्थिंग केल्यावाचून खांबावर चढणार नाही, असे म्हणणाऱ्या कामगारावर कसुरीचा ठपका आला, तर खातेनिहाय चौकशीत त्याची कैफियत मांडावयास, आणि दुर्दैवाने अपघात झालाच तर नुकसानभरपाईच्या कागदपत्रांचा पाठपुरावा करावयास संघटनेचाच प्रतिनिधी उभा राहतो.

त्याच खांबावर चढणाऱ्या कंत्राटी कामगाराला हे पाठबळ तोकडेच लाभते. या चळवळीची ही मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.