गेमिंग आणि कोडिंगसाठी एकच पीसी जोडताय? पैसे कुठे घालाल, कुठे वाचवाल?

मोहोळ : बजेट ग्राफिक्स कार्डावरच संपवलं, की अँड्रॉइड स्टुडिओ उघडताच पीसी रखडतो. त्यामुळे हिशेब आधी करा.

▪ प्रोसेसर : रायझन ५ ७६०० (६ कोअर, १२ थ्रेड) दोन्ही कामांना पुरतो. मात्र त्याच्या एएम५ मदरबोर्डवर घरची जुनी डीडीआर४ रॅम बसत नाही, डीडीआर५च लागते.

▪ रॅम : एम्युलेटर आणि ब्राउझर सोबत चालवणार असाल, तर १६ऐवजी ३२ जीबी घ्या.

▪ ग्राफिक्स कार्ड : १०८०पी गेमिंगला आरटीएक्स ४०६० पुरेसं, वीज ११५ वॅट.

▪ एसएमपीएस : इथे काटकसर नको. ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ घ्या. हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्डही नेऊ शकतो.

▪ कॅबिनेट : सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो. पुढून जाळीचंच घ्या.

आरजीबी लाइटचे पैसे वाचवा, यूपीएसला घाला. लाइट गेली तरी कोड सेव्ह करायला वेळ मिळेल.