रिंगणाचा अश्व

आषाढी वारीत माउलींचा अश्व रिंगणी धावला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास आपण झेपावतो. त्या वेगामागची सिद्धता मात्र सावकाश चालण्याची आहे. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीपर्यंत पायीच येतात. कोवळ्या घोड्याचे स्नायू काही आठवड्यांत भरू लागतात. हाडे व कंडरा कणखर व्हावयास कित्येक महिने लागतात, आणि मणक्यांची वाढ तर वयाच्या ५ वर्षांपुढेच पुरी होते. म्हणून जाणते लोक त्यास आधी नुसते चालवितात, मग चढावर नेऊन पुठ्ठे भरवितात. लहान वर्तुळात नित्य पळविल्यास पाय अधू होतात. अवघ्या २ वर्षांचे शिंगरू वरातीत नाचविलेले आम्ही पाहिले आहे. त्याचे गुडघे सुजले होते, आणि मंडळी टाळ्या वाजवीत होती.