मासळीचा भाव धक्क्यावर ठरत नाही

शेतकरी बंधूंनो, कांद्याची ट्रॉली घेऊन तुम्ही बाजार समितीत उभे असता. लिलाव होतो, भाव पडतो, हमाली-तोलाई कापली जाते आणि पट्टी हातात आली की कळते, गाडीभाडेसुद्धा सुटले नाही. एखाद्या वर्षी तर उलटी पट्टी, म्हणजे पदरचे पैसे भरायची पाळी! माल परत नेऊन करणार काय? तो तर नासणारा.

मासळी कांद्यापेक्षाही लवकर नासते. मग ज्यांचे सगळे पोटच मासळीवर, त्यांनी या दुखण्यावर काय औषध काढले? ते पाहायला आज जरा लांब जाऊ. नॉर्वे देशाच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटांची रांग आहे. तिच्या अगदी टोकाला, मुख्य भूमीपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात, रोस्ट नावाचे बंदर आहे.

पाचशे माणसांचे गाव

वस्ती सुमारे पाचशे. आपल्याकडची एखादी मोठी वाडीच म्हणा ना. तरी या गावाला स्वतःची निवडून दिलेली पालिका आहे. जमीन इतकी सपाट, की मुख्य बेटावरची सर्वांत उंच जागा बारा मीटरच्या आसपास. डिसेंबरात दिवस जेमतेम उजाडतो, आणि उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. बोटीने यायचे तर काही तास खुल्या समुद्रातून. वादळ असेल तर बोट येत नाही.

अशा ठिकाणी माणसे राहिली ती एका माशासाठी. त्याचे नाव कॉड. लहानपणी तुम्हाआम्हाला कॉडलिव्हर तेलाच्या पिवळ्या गोळ्या खायला लागल्या, तोच हा मासा. जानेवारी ते एप्रिल तो उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनकडे येतो. हाच तिथला हंगाम, म्हणजे आपली सुगी. लहान बोटींवर दोन-तीन माणसे असतात. पहाटेच्या अंधारात, कडाक्याच्या थंडीत ती निघतात, जाळी नाहीतर गळाच्या दोऱ्या ओढतात आणि माल धक्क्यावर आणतात.

तिथे काही वाया जात नाही. काळजाचे तेल निघते, गाबोळी वेगळी विकली जाते, मुंडकी वाळवून नायजेरियाला जातात. माशांच्या जिभा कापायचे काम परंपरेने गावातल्या शाळकरी पोरांचे, आणि त्याचे पैसेही पोरांनाच.

उरलेला मासा शेपटीला शेपटी बांधून, जोडीजोडीने लाकडी मांडवांवर टांगतात. आपल्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील टांगतात तसाच, पण मिठाचा खडाही न लावता. थंडी शून्याच्या आसपास पाहिजे. फार गोठला तर मासा बिघडतो, ऊब वाढली तर माश्या बसतात. रोस्टची हवा याला नेमकी जुळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये टांगलेला मासा मे-जूनमध्ये उतरतो, तेव्हा पाच किलोचा एक किलो झालेला असतो. मग प्रतवारी करणारा जाणकार एकेक मासा हातात घेऊन पाहतो, वास घेतो आणि वीसएक प्रती लावतो. उत्तम माल इटलीला जातो. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून या बेटांवर लागला होता. इथे सुकी मासळीच नाण्यासारखी चालते, असे त्याने लिहून ठेवले. इटली आणि रोस्टचे नाते इतके जुने.

गावाचा मालक

हे सगळे ऐकायला छान. पण कष्ट करणाऱ्याच्या हाती काय पडत होते? लोफोटेनच्या बंदरांना पूर्वी मालक असत. आपल्याकडच्या खोताची आठवण यावी असे. जमीन त्याची, कोळ्यांनी हंगामात राहायच्या खोल्या त्याच्या, किराणा दुकानही त्याचे. उधारीवर मीठ-पीठ घ्यायचे आणि मासा त्यालाच घालायचा. भाव? तो सांगेल तो. मासा तर संध्याकाळपर्यंतही थांबत नाही.

कोळी गप्प बसले असे नाही. १८९० च्या मार्चमध्ये मोठ्या वाफेच्या बोटींनी ट्रोलफ्योर्ड या चिंचोळ्या खाडीचे तोंड जाळ्याने अडवले. तेव्हा लहान होड्यांवाले धावून गेले आणि बर्फाच्या त्या खाडीत मारामारी झाली. पुढे १८९७ च्या कायद्याने कोणी कुठे, कुठले जाळे टाकायचे हे ठरवायला कोळ्यांच्याच निवडलेल्या समित्या आल्या.

भावाचा प्रश्न मात्र राहिला. १९३० च्या मंदीत भाव कोसळले तेव्हा कोळ्यांनी चळवळ केली आणि १९३८ साली 'कच्च्या मासळीचा कायदा' आला. १९५१ साली तो कायम झाला. आज त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आहे, पण मूळ कलम तेच.

कायदा सांगतो काय?

बोटीवरून उतरलेल्या मासळीची पहिली विक्री कोळ्यांच्या मालकीच्या विक्री संघामार्फतच झाली पाहिजे. किमान भाव काय असावा, यावर संघ आणि खरेदीदार वाटाघाटीला बसतात. जमले तर ठीक. नाही जमले तर संघ एकट्याने भाव ठरवू शकतो! त्याच्याखाली खरेदी करणे बेकायदा. वर कितीही द्या. पैसे बुडू नयेत याची काळजीही संघच घेतो. प्रत्येक खेपेची पावती होते. वजन, जात, भाव, बोट, खरेदीदार, सगळे तिच्यावर असते. ही तिथली पट्टी, पण ती उलटी होत नाही.

दुसरी गोष्ट. मासेमारी बोटीची निम्म्याहून अधिक मालकी प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांचीच हवी, असाही कायदा आहे. काही अपवाद आहेत, पण तत्त्व तुमच्या ओळखीचे आहे. आपण त्याला 'कसेल त्याची जमीन' म्हणतो.

भाव मिळाला, मर्यादाही आली

पण मंडळी, भाव बांधला म्हणजे सगळे साधले असे नाही. मासा समुद्रातच राहिला नाही तर भाव घेऊन काय करणार? एप्रिल १९८९ मध्ये तो दिवस आला. कॉड इतका घटला की किनाऱ्यावरची मासेमारी हंगामातच बंद करावी लागली. १९९० पासून प्रत्येक बोटीला कोटा आला. १९८७ सालीच कॉड समुद्रात फेकून द्यायला बंदी झाली होती. म्हणून कोट्यापेक्षा जास्त मासा सापडला तरी तो धक्क्यावर आणावा लागतो, आणि त्याची किंमत बोटवाल्याला नाही, संघाला जाते.

आज पुन्हा परीक्षा आहे. नॉर्वे आणि रशिया मिळून या समुद्रातल्या कॉडचा एकूण कोटा ठरवतात. २०२१ साली तो ८ लाख ८५ हजार टनांवर होता. २०२५ साली ३ लाख ४० हजार, आणि २०२६ साठी २ लाख ८५ हजार टन. मासा कमी म्हणजे किनाऱ्यावरच्या कारखान्यांना काम कमी. शिवाय कोट्यासकट बोट घ्यायची तर किंमत इतकी, की कोळ्याच्या पोरालाही कर्ज काढल्याशिवाय धंद्यात पाऊल टाकता येत नाही. दुखणी तिथेही संपलेली नाहीत.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण उसाची एफआरपी सोडली तर त्यामागे दात असलेला कायदा किती पिकांना आहे? रोस्टच्या कोळ्याला भाव मिळतो तो कुणाच्या दयेने नाही. विक्रीची गाठ संघाच्या हातात आहे, म्हणून मिळतो. आणि त्या संघाचा शब्द तो स्वतःही पाळतो. आडबाजूला दोन पैसे जास्त मिळतात म्हणून चोरून माल घालत नाही, कोटा संपला की जाळे गुंडाळतो.

ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत भावाचा विषय निघेल तेव्हा ही पाचशे माणसांच्या बेटाची गोष्ट जरूर सांगा. कायदा मागायचा तो तर मागूच. पण आपल्या गावचा माल एका काट्यावर, एका भावाने विकायची तयारी आपली किती आहे, हेही त्याच बैठकीत एकमेकांना विचारा.