संत पौलाची शिकवण आणि जालन्याजवळील बेथेल : ख्रिस्ती मूल्यांचा एक विचार

प्रस्तावना :
समता, श्रमप्रतिष्ठा आणि सेवा ही ख्रिस्ती मूल्ये संत पौलाच्या जीवनात व पत्रांत ठळकपणे आढळतात. तार्ससचा हा परूशी विद्वान कुलाभिमान सोडून ख्रिस्तानुयायी झाला. ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे त्याने गलतीकरांस कळविले. करिंथ येथे त्याने तंबू शिवून स्वतःचा निर्वाह केला.

नारायण शेषाद्री यांचे कार्य :
या मूल्यांचा प्रत्यय एकोणिसाव्या शतकात जालना परिसरात आला. ब्राह्मण कुळातील नारायण शेषाद्री यांनी 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपती न्यायालयाच्या आदेशाने पित्याच्या स्वाधीन झाला. मिशनऱ्यांच्या घरी राहिल्यामुळे त्याची जात गेली, असे मानले गेले. त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यावरून मोठा वाद माजला. सहभोजनानेही माणूस बहिष्कृत ठरावा, असा तो काळ होता.

पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक म्हणून शेषाद्री यांनी 1860 च्या दशकात जालन्यास कार्य आरंभिले. त्यांच्याकडे आलेल्यांत मांग समाजातील कुटुंबे प्रामुख्याने होती. सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसविले. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर.

मूल्यांची कसोटी :
गावकुसाबाहेर राहणाऱ्यास केवळ समतेचा उपदेश पुरेसा नव्हता. बलुतेदारीच्या चौकटीत त्याची भाकरी सवर्णांच्या हाती होती. धर्मांतरानंतर ती बंद होण्याचे भय होते. म्हणून स्वतंत्र वस्ती व कसण्यास जमीन यांवाचून समता टिकणे कठीण होते. पौलाची श्रमनिष्ठा येथे सामाजिक गरज ठरते.

तथापि या प्रयोगास मर्यादाही होती. वेगळ्या गावाने आश्रय दिला, परंतु मूळ गावातील पाणवठा व चावडी त्यामुळे सर्वांना खुली झाली नाही. तसेच मिशनच्या आधारावर उभी राहिलेली वस्ती स्वावलंबी कशी व्हावी, हा प्रश्नही उरतो.

समारोप :
शेषाद्री यांचा त्याग मोठा होता; परंतु त्यागापेक्षा त्यातून इतरांस काय लाभले, हे अधिक महत्त्वाचे. पौलाच्या शिकवणीतील समता बेथेलमध्ये जमीन व घर यांच्या रूपाने प्रत्यक्षात आली. कोणत्याही धर्माच्या मूल्यांची पारख अखेर याच निकषावर करावी लागते.