संगणकाचा आवाज फाटत असल्यास

रहाटणी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील वर्गांत परप्रांतीय कामगारांची मुलेही बसतात. मराठी नव्याने शिकणाऱ्या अशा मुलास ध्वनिमुद्रित पाठातील ‘श’ व ‘स’ यांतील भेद स्पष्ट ऐकू आला पाहिजे. म्हणून लिनक्स संगणकाचा आवाज फाटत असल्यास शिक्षकांनी दुर्लक्ष करू नये. नवा स्पीकर घेण्याची घाईही करू नये.

प्रथम दुसरा पाठ लावावा. तो स्वच्छ ऐकू आल्यास पहिल्याचे मुद्रणच सदोष समजावे. नंतर हेडफोन जोडावा. त्यातून आवाज नीट आल्यास दोष बहुधा स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत असतो.

तेथेही आवाज फाटल्यास पातळी तपासावी. १६ बिटांच्या ध्वनीत लहरीचे मूल्य -३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्यातच मावते. पातळी १०० टक्क्यांपलीकडे नेल्यास लहरीचे माथे छाटले जातात. यास्तव ती ८० टक्क्यांवर आणून स्पीकरच्या बटणाने आवाज वाढवावा. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा रोमन अक्षरांत देऊन एफ-६ कळीने साउंड कार्ड निवडल्यास त्याच्या पातळ्या दिसतात.

आवाज मधूनमधून तडतडत असेल, तर संगणकावर भार अधिक असण्याचा संभव असतो. अशा वेळी इतर प्रोग्राम बंद करावेत.